त्याच्या वांट्याचा हिशेब

मिरजेहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांबलचक आहे, आणि लिहितां लिहितां दोनतीनदां हात थांबला असावा असें अक्षरावरून दिसतें. त्यांच्या घरीं सासूसासरे, दोघे भाऊ, त्यांच्या बायका व मुलें असा नऊ माणसांचा संसार आहे. थोरल्या भावाची नोकरी गेल्या दिवाळीनंतर सुटली आणि घरांत येणारा पैसा जवळजवळ निम्म्यावर आला. बाईंची मुलगी २१ वर्षांची आहे; तिच्या बुद्धीची वाढ लहानपणापासूनच सावकाश झाली. ती एका कार्यशाळेंत कागदी पिशव्या करावयास जाते व महिन्याकांठीं १,००० रुपये विद्यावेतन आणते. बाई लिहितात: "खर्चाची काटछाट करावयास सारीं बसलों, तों पहिलें नांव तिचें निघालें. तिचे हजार रुपये घरखर्चांत धरावे आणि तिची शनिवारची भेळ व रिबिनी बंद कराव्या, असें ठरत आलें आहे. तिला त्यांतलें काय कळतें, असें सगळे म्हणतात. मला उत्तर सुचत नाहीं, पण मनाला तें बरेंही वाटत नाहीं. आपण काय सांगाल?"

या पत्रास उत्तर देण्याचा मला थोडासा अधिकार आहे. हीच गोष्ट आमच्या घरीं दोन वर्षांपूर्वीं होतां होतां राहिली. आणि ती टळल्यावर दुसरी एक चूक मीं स्वतःच्या हातानें केली. ती पुढें सांगेनच.

आमच्या मोठ्या भावजींची कंपनी त्या वर्षीं बंद पडली. मामंजी, सासूबाई, भावजी, जाऊबाई, आम्ही दोघें आणि जाऊबाईंचा मुलगा, अशीं आम्ही सात माणसें एका चुलीवर जेवतों. हा मुलगा आज २४ वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम घेऊनच तो जन्मास आला. मोठ्या अक्षरांतलें वाचतो, शंभरापर्यंत आंकडे ओळखतो, बेरीज बोटांवर करतो. उद्योगशाळेंत पणत्या रंगविण्याचें काम करून महिन्यास १,५०० रुपये आणतो. तोंवर ते पैसे तो आईच्या हातीं देत असे आणि मागेल तेव्हां दहा, वीस, पन्नास असे घेत असे. आपल्याजवळ एकूण किती होते, त्यांतले किती गेले, याचा त्याला पत्ता नसे. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही नसे.

आषाढांतल्या एका रविवारीं मामंजींच्या खोलींत आम्ही वही घेऊन बसलों. काटछाट ही पाण्यासारखी असते. जेथें बांध नाहीं तेथें ती आधीं शिरते. मामंजींचीं दोन वर्तमानपत्रें, ह्यांची खास दळून आणलेली कॉफी, जाऊबाईंची पंधरवड्याची नाटकाची वारी, माझीं मासिकें, यांतील एकेकावर बोट ठेवतांच कोणीतरी घसा खाकरीत होतें. बोट त्याच्या १,५०० रुपयांवर गेलें तेव्हां मात्र कोणी खाकरलें नाहीं. तो उंबऱ्यावर बसून होता. त्यानेंच विचारलें, "माझे पैसे कुठें चालले?"

मामंजींनीं सारा जन्म हिशेबाच्या नोकरींत काढला आहे. त्यांनीं चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "कुठें जात नाहींत. पण घरांत पैसा कमी आला आहे. तर प्रत्येकानें आपल्या हौशीचा चौथा हिस्सा सोडावयाचा. मी एक वर्तमानपत्र सोडतों. तूं काय सोडशील?"

त्यानें पुष्कळ वेळ विचार केला आणि विचारलें, "चौथा म्हणजे किती?"

आमच्यांतल्या एकानेंही हा प्रश्न विचारला नव्हता. मामंजींनीं अर्धें सोडलें होतें तें त्यांच्या लक्षांतही आलें नव्हतें, आणि माझ्या मासिकांचा चौथा हिस्सा किती, हें मला आजही नीटसें सांगतां येणार नाहीं. सासूबाईंचा मात्र जीव कळवळला. "आपण आहोंत ना! त्याच्या डोक्यामागें ही कटकट कशाला?" असें त्या म्हणाल्या. जाऊबाई सहसा बोलत नाहींत. त्या हळूच म्हणाल्या, "आपण आहोंत तोंवरच शिकवूं या, आई." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि त्या दिवसापासून शिकवणीस सुरुवात झाली.

शाळेंत त्याला पैसे शिकविले नव्हते असें नाहीं. तेथें कागदाच्या खोट्या नोटा होत्या. त्या तो अचूक मोजून दाखवी आणि शाबासकी घेऊन येई. कोपऱ्यावरच्या दुकानांत मात्र मूठ उघडून दुकानदारापुढें धरीत असे व "घ्या तुम्हीच" म्हणत असे. अशा मुलांचें हें एक लक्षण शिक्षक नेहमीं सांगतात, कीं एका जागीं शिकलेलें दुसऱ्या जागीं आपोआप जात नाहीं. तेथें तें पुन्हां नव्यानें शिकवावें लागतें. म्हणून आम्हीं ठरविलें कीं खोटा पैसा नको. खराच द्यावयाचा, आणि तो खऱ्या दुकानांत संपूं द्यावयाचा. या कामीं घरची ओढाताण आम्हांस उलट उपयोगीच पडली. हात सढळ असतांना मुलास "पैसे संपले" म्हणणें हें एक नाटक असतें, आणि नाटक त्यांना फार लवकर ओळखूं येतें. आमचे पैसे त्या वर्षीं खरोखरच संपत होते.

पहिली अडचण महिन्याची. महिना हा त्याच्या दृष्टीनें फार लांबचा गांव. पहिल्या तारखेच्या हातानें तिसाव्या तारखेसाठीं राखून ठेवणें तुम्हां-आम्हांसही कठीण जातें. म्हणून आठवडा धरला. १,५०० रुपयांचे ३०० चे पांच भाग केले. शनिवारीं सायंकाळीं एक भाग त्याच्या हातीं पडावयाचा. ज्या महिन्यांत चारच शनिवार येतात त्या महिन्यांतला पांचवा भाग बँकेंत.

ठेवावयाचें कोठें? पाकिटें करून पाहिलीं. पण पाकीट मिटलें कीं आंत काय आहे तें त्याच्या डोळ्यांआड होई. शेवटीं जाऊबाईंनीं माळ्यावरचा जुना मिसळणाचा डबा काढला. सात वाट्यांचा, पितळी, झांकण किंचित् दबलेलें. पहिल्या वाटींत चहाफराळाचे १२०, म्हणजे सहा दिवसांचे रोज २०. दुसरींत फोनचे ५०. तिसरींत हौशीचे, ते पूर्वीं ८० धरले होते, त्यांतला चौथा हिस्सा गेला आणि ६० राहिले. गेलेले २० चौथ्या वाटींत, ती घराची. पांचवींत शिल्लक ५०. सहावी वाटी सुट्या नाण्यांसाठीं. सातवी रिकामी राहिली. "ही कशाची?" असें त्यानें विचारलें, तेव्हां मीं म्हटलें, "अजून कशाची नाहीं." घराच्या वाटीतले २० रुपये तो दर शनिवारीं स्वतः मामंजींच्या हातांत नेऊन देतो, आणि मामंजी ते घरच्या खतावणींत त्याच्या नांवानें जमा करतात. महिन्यास ८० रुपयांनीं आमचा संसार तरला असें मी म्हणत नाहीं. पण त्या खतावणींत त्याचें नांव पूर्वीं केवळ खर्चाच्या बाजूस येत असे.

नोटांच्या रंगानें आम्हांस पुष्कळ सतावलें. २०१६ च्या नोव्हेंबरापासून नव्या नोटा येऊं लागल्या, तेव्हां आपण डोळस माणसेंही गोंधळलोंच होतों. २०१७ सालीं आलेली २०० ची नोट पिवळी, आणि २०१९ ची २० ची नोट हिरवट पिवळी. ५० ची नवी नोट निळी, तर जुनी १०० ची नोटही निळसर, आणि नवी १०० ची फिकी जांभळी. जो मुलगा आंकड्यापेक्षां रंगावर विसंबतो त्याची काय गत व्हावी? एकदां रिक्षावाल्यास त्यानें २० समजून २०० दिले. त्या भल्या माणसानें परत केले, हें आमचें दैव. तेव्हांपासून २०० ची नोट त्याच्या डब्यांत घालावयाचीच नाहीं असा नियम केला, आणि रंग पाहण्याऐवजीं कोपऱ्यांतला आंकडा बोटानें दाखवून मोठ्यानें वाचावयाचा, अशी संवय लावली. त्याला दोन महिने लागले. दुकानांत लोक पाहात, पाहूं द्यावें.

मोड किती परत यावयाची तें काढणें त्याला साधत नाहीं, आणि तें साधेल अशी आशा आम्हीं सोडून दिली आहे. त्याऐवजीं शाळेंतल्या एका बाईंनीं जी युक्ति सांगितली ती सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. डब्यांत शक्य तों दहाच्याच नोटा ठेवाव्या. दुकानदारानें ४३ सांगितले, कीं पहिला आंकडा तेवढा ऐकावयाचा: चार. चार दहा मोजावयाचे आणि "वर एक" म्हणून पांचवा ठेवावयाचा. मग हात पुढें करून उभें राहावयाचें. ४० च सांगितले तरी "वर एक" चुकत नाहीं. एक दहा परत येतो, इतकेंच. यांत वजाबाकी नाहीं, पाठांतर नाहीं, आणि पैसे कधीं कमी पडत नाहींत. परत आलेलीं नाणीं सहाव्या वाटींत. ही रीत आम्ही शिकलों ती मंडईंत. काटछाटीमुळें मी दिवेलागणीच्या सुमारास भाजीस जाऊं लागलें, कारण त्या वेळीं पालेभाजीची जुडी उतरत्या भावानें मिळते. आणि पिशवी धरावयास तो बरोबर येई. एका भाजीवालीशी त्याची ओळख झाली. "कोथिंबीर किती?" असें तो विचारी, "वर एक" म्हणे, आणि ती बाई त्याचा हात पुढें येईतों खोळंबून राही. शंभराच्या आंतली खरेदी तो आज एकट्यानें करतो. शंभराच्या वर गेली कीं त्याचा अंदाज सुटतो. तेथें कोणीतरी सोबत लागतें आणि लागणार.

आतां माझी चूक.

तिसऱ्या कीं चौथ्या आठवड्यांत त्यानें मंगळवारींच हौशीची वाटी उपडी केली आणि चहाच्या वाटींतलेही पैसे घेऊन, उद्योगशाळेंतल्या मित्रास वाढदिवसाची म्हणून, एक दिव्याची किल्ल्यांची साखळी आणली. बुधवारपासून चहाची वाटी रिकामी. असें झालें तर भर घालावयाची नाहीं, हें आमचें ठरलें होतें. आणि त्याच्या डब्यांत घरची पोळीभाजी होतीच, तो कांहीं उपाशी राहणार नव्हता. पण बुधवारीं तो घरीं येऊन म्हणाला, "सगळे चहा प्याले. मी बांकावर बसलों." गुरुवारींही तेंच. मला राहवेना. गुरुवारीं रात्रीं सारे निजल्यावर मीं विसाच्या दोन नोटा त्याच्या चहाच्या वाटींत ठेवल्या.

शुक्रवारीं सकाळीं नेहमींप्रमाणें डबा उघडून तो मोजावयास बसला. प्रत्येक वाटीपुढें त्याच्या वहींत एक वर्तुळ असतें; वाटी रिकामी झाली कीं तो तें काळें करतो. चहाचें वर्तुळ काळें होतें, आणि वाटींत ४० रुपये. तो स्वयंपाकघरांत आला. "काकू, वाटींत पैसे आले."

"राहिले असतील," मीं पोळी लाटतां लाटतां म्हटलें.

तो परत गेला. पुन्हां मोजले. आईस विचारलें, आजीस विचारलें. त्या दोघींस ठाऊकच नव्हतें. मग त्या दोन्ही नोटा त्यानें उचलून सातव्या वाटींत ठेवल्या आणि म्हणाला, "हे माझे नाहींत." त्या दिवशींही त्यानें चहा घेतला नाहीं.

येथवर मला मौज वाटली असती. पुढें झालें तें मौजेचें नव्हतें. शनिवारीं पैसे वांटून वाट्यांत घातले. रविवारीं सकाळीं तो मोजावयास बसला नाहीं. सोमवारींही नाहीं. सासूबाईंनीं विचारलें तेव्हां म्हणाला, "डबा चुकतो." दोन आठवडे त्यानें डब्यास हात लावला नाहीं, जातांना कोणासही "वीस द्या" म्हणूं लागला. महिन्याभरांत मोठ्या कष्टानें त्याला जी एक गोष्ट मिळाली होती, कीं आपण मोजलें तें खरें असतें, तीच मीं दयेच्या भरांत काढून घेतली होती. आपण चुकलों कीं आपली मोजणी चुकली, असें आपण समजतों आणि पुन्हां मोजतों. त्याला लहानपणापासून सर्वांनीं इतके वेळां "तुला नाहीं कळत" म्हटलें आहे, कीं मोजणी जुळली नाहीं तेव्हां त्यानें मोजणेंच सोडून दिलें. मी मदत केली असें मला वाटत होतें. त्याच्या बाजूनें पाहिलें तर मी त्याच्याशीं खोटें बोललें होतें.

शेवटीं एका संध्याकाळीं मीं त्याला जवळ बसवून सांगितलें, कीं डबा चुकला नाहीं, तूंही चुकला नाहींस. ते ४० रुपये मीं रात्रीं टाकले आणि सकाळीं खोटें सांगितलें. मला वाटलें, तो हंसेल. त्यानें वही आणून माझ्यापुढें ठेवली. "लिही," म्हणाला. मीं लिहिलें: काकूनें ४० टाकले. "सही कर." सही केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पुन्हां मोजावयास बसला. सातव्या वाटींतले ते ४० रुपये अजून तसेच आहेत. ते कोणाचे, हा वाद आम्हां दोघांत मिटलेला नाहीं.

याचा अर्थ मुलास कोरडेपणानें वागवावें असा कोणी घेऊं नये. औषधपाणी, जेवण, घरून जाण्यायेण्याची सोय यांवर त्याची चूक कधीं येऊन पडूं नये. तीं कामें डब्याबाहेर, घरच्या खर्चांत. डब्यांत तेवढेंच घालावें जें चुकलें तर चुटपुट लागेल पण इजा होणार नाहीं. आणि भर घालावयाचीच असेल तर उजेडांत, त्याच्या देखत, वहींत लिहून घालावी.

घरच्या काटछाटींतही त्याला एक काम दिलें. मीटर वाचण्याचें. वीजबिलाचा दर सरसकट एक नसतो, हें पुष्कळ घरांत ठाऊक नसतें. महावितरणच्या घरगुती दरांत महिन्याचीं पहिलीं १०० युनिटें स्वस्त. त्यांच्या वर ३०० पर्यंत चढा दर, ३०० च्या वर आणखी चढा, ५०० च्या वर त्याहून. एका मीटरवर सात माणसें असलीं कीं ३०० ची वेस ओलांडणें कांहींच कठीण नाहीं. आमचें बिल ३४० च्या आसपास येई. ३०० म्हणजे दिवसास १०, आठवड्यास ७०. दर रविवारीं तो स्टुलावर चढून मीटरचे आंकडे जसेच्या तसे वहींत उतरवी आणि मामंजी मागच्या रविवारचे त्यांतून वजा करून देत. ७० च्या आंत आलें तर हिरवी खूण, बाहेर गेलें तर तांबडी.

पहिल्याच आठवड्यांत त्यानें मामंजींच्या दुपारच्या झोपेंत तीनदां पंखा बंद केला. घरांत रण माजलें. तेव्हां मामंजींनींच त्याला समजावून दिलें, कीं ७५ वॅटचा पंखा तेरा तास फिरेल तेव्हां कोठें एक युनिट जळतें. आणि न्हाणीघरांतला २,००० वॅटचा गीझर अर्ध्या तासांत तेवढेंच खातो. हें मलाही तोंवर असें आंकड्यांनीं कोणी सांगितलेलें नव्हतें. मग त्याचा पहारा पंख्यावरून उठून न्हाणीघराच्या दारीं आला. गीझर लावून कोणी फोनवर बोलत बसलें, कीं तो बाहेरून दार ठोठावी. तिसऱ्या महिन्यांत बिल २९६ युनिटांचें आलें. दुसरें टिपण त्यानें आपण होऊन सुरू केलें. "दहा मिनिटांत घरपोंच" म्हणून फोनवरून जें सामान मागवितात, त्याचा माणूस दारीं आला कीं दारामागच्या कागदावर एक टिंब. श्रावणांत ३१ टिंबें झालीं. एक लिंबू, एक दह्याचें भांडें, आणि त्यांबरोबर सहज घेतलेल्या चार नको असलेल्या वस्तु. बहुतेक टिंबें माझ्या नांवावर होतीं. भाद्रपदांत तीं सहावर आलीं. सामानाची यादी आठवड्यास एकदां करूं लागल्यावर या एका खात्यांत जी बचत झाली ती त्याच्या १,५०० हून बरीच अधिक होती. म्हणजे आषाढांत आम्ही ज्या पैशांवर हात घालणार होतों त्यापेक्षां मोठें भोंक माझ्याच फोनांत होतें.

फोनवरून पैसे देण्याचेंही घरांतल्या कोणी सुचविलें. २०१६ पासून यू.पी.आय. आलें आणि आतां भाजीवालीपुढेंही तो चौकोन टांगलेला असतो. मीं पहिलें वर्षभर नको म्हटलें. पैसा जातांना दिसला पाहिजे. वाटी हलकी झालेली हातास लागली पाहिजे. फोनमधल्या पैशास वजन नाहीं. आतां तो डबा नीट चालवितो, म्हणून त्याची आई विचार करीत आहे. २०२४ पासून यू.पी.आय. सर्कल म्हणून एक सोय निघाली आहे. तींत घरचें माणूस आपल्या खात्यावरून दुसऱ्यास मर्यादा घालून खर्च करूं देऊं शकतें, किंवा प्रत्येक खर्चास आपली संमति मागून घेऊं शकतें. तशी सुरुवात बरी असें मला वाटतें.

उसनवारीचें एक सांगावयाचें राहिलें. गल्लींतल्या एकानें त्याच्याकडून दोनदां पन्नास पन्नास नेले आणि आणून दिले नाहींत. ज्याच्याजवळ थोडे पैसे आहेत व ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं, त्याला लोक फार लवकर हुडकून काढतात. "नाहीं" म्हणावयास त्याला शिकवून पाहिलें. जमेना, त्याला तें उद्धटपणाचें वाटतें. म्हणून वाक्य बदललें: "उसने द्यायची वाटीच नाहीं." हें त्याला पटलें, कारण तें खरें आहे. आतां तो डबा आणून दाखवितो.

बँकेंत खातें काढतेवेळीं आम्हांस त्रास झाला. काउंटरवरच्या गृहस्थांनीं त्याच्याकडे न पाहतां, "यांचें चालत नाहीं, पालकांच्या नांवानें काढा," असें सांगून टाकलें. जाऊबाई परत फिरल्या होत्या. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा अशा वेळीं जवळ असावा. त्याच्या १३ व्या कलमांत मालमत्ता बाळगण्याचा, आपला आर्थिक व्यवहार आपण पाहण्याचा आणि बँकेच्या कर्जादि सोयी मिळण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीनें दिला आहे. १४ व्या कलमांत मर्यादित पालकत्व आहे. तेथें पालकानें त्या व्यक्तीच्या वतीनें परभारें निर्णय घ्यावयाचा नसून दोघांनीं मिळून घ्यावयाचा असतो. याशिवाय स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता व बहुविध दिव्यांगता यांसाठीं १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अठरा वर्षांनंतर पालक नेमावयाचा झाल्यास जिल्हाधिकारी ज्यांत असतात त्या स्थानिक समितीकडे अर्ज करतां येतो. दुसऱ्या खेपेस हा कागद घेऊन वरच्या साहेबांस भेटलों, आणि किमान शिलकीची अट नसलेलें साधें बचत खातें त्याच्या नांवानें निघालें. सही तो आपल्या हातानें करतो. दरवेळीं थोडी निराळी होते, म्हणून अंगठाही घेतात.

मिरजेच्या भगिनींस आणखी एक सुचवितें. मुलीच्या हजार रुपयांवर जाण्यापूर्वीं, तिच्या नांवानें जें हक्कानें मिळतें तें घरांत येतें आहे कीं नाहीं तें पाहावें. दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र काढलें आहे ना? राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा वर्षास एक लाख रुपयांपर्यंतचा औषधोपचार देतो. जुन्या करपद्धतीनें कर भरणाऱ्यास अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठीं ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. एकट्यानें प्रवास करूं न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीस व तिच्या सोबत्यास रेल्वेच्या भाड्यांत सवलत आहे. आमच्या घरीं यांतल्या दोन गोष्टी कागदांच्या कंटाळ्यानें वर्षानुवर्षें पडून होत्या, आणि आम्ही भेळेच्या पैशांवर चर्चा करीत बसलों होतों.

पत्राच्या शेवटीं त्यांनीं विचारलें आहे, कीं हें सारें शिकवावयाचें ठरलें तर पहिल्या आठवड्यास किती द्यावे, आणि तिनें ते एकाच दिवशीं उडवले तर काय करावें. पहिल्या आठवड्यास १०० द्या, सर्व दहाच्या नोटांत, आणि तीनच वाट्या करा: खाण्याची, हौशीची आणि घराची. घराच्या वाटींत तिनें दहा घालावे. किती घालावे हें घरांतल्या इतरांनीं आपले किती सोडले त्यावरून ठरावें, आणि तें तिच्या देखत ठरावें. रिबिनींची वाटी बंद करूं नका. जिच्यांत कांहीं मनाजोगें नाहीं तो डबा कोण मोजील? पहिल्या दिवशीं उडवले तर उडवूं द्या. ती रविवारीं मागेल, सोमवारीं रुसेल. तिच्या आजीस आधीं समजावून ठेवा, आणि मुख्य म्हणजे रात्रीं स्वतः डब्याजवळ जाऊं नका.

चार आठवड्यांनीं काय झालें तें अवश्य कळवावें. पुढील अंकीं वर्षाच्या गव्हाडाळीची बेगमी, एरंडेल लावण्याचें प्रमाण व तें धान्य भाद्रपदापर्यंत कसें टिकवावें, याविषयीं लिहावयाचें आहे.